‘उठून’, ‘भरून’, ‘गाठून’ आणि इंग्रजीतलं नॉन-फायनाइट

तुमचं वाक्य वाचलं आणि हसू आलं. तुमच्यावर नाही हो, गेली बावीस वर्षं मी दादरला संध्याकाळच्या बॅचेस घेतेय आणि दर वर्षी पावसाच्या सुरुवातीला कोणीतरी ओल्या छत्रीसकट टेबलापाशी येऊन असंच एखादं वाक्य पुढे करतं. तुमचं वाक्य असं आहे: ‘हॅविंग बीन टोल्ड टु वेट आउटसाइड, द कँडिडेट्स स्टँडिंग निअर द गेट बिगॅन टु लूज पेशन्स.’ तुम्ही म्हणताय की दहावीपर्यंत मराठी मिडीयम, आता ऑफिस सांभाळून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, आणि एका नोट्समधे लिहिलंय की हे सिम्पल सेंटेन्स आहे, क्लॉज, म्हणजे उपवाक्य, एकच. दुसऱ्या पुस्तकात मात्र याच धाटणीच्या वाक्यात पाच क्लॉज मोजलेत. मग खरं कोण, आणि हे नॉन-फायनाइट प्रकरण डोक्यात बसत का नाही.

दोघंही खरे आहेत. पण ते शेवटी सांगते, कारण आत्ता सांगितलं तर तुम्ही ते पाठ कराल आणि पुढच्या वाक्यात परत अडकाल.

आधी एक मराठी वाक्य घ्या. ‘सकाळी सहाला उठून, डबा भरून, धावत स्टेशन गाठून आठ बाराची पकडली.’ यात क्रिया किती झाल्या? उठणं, भरणं, धावणं, गाठणं, पकडणं. पाच. पण वाक्य एकच, हे तुम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. का एकच? कारण यातलं फक्त ‘पकडली’ हे सांगतंय की ही गोष्ट होऊन गेली. ‘पकडते’ करा, रोजची गोष्ट झाली. ‘पकडेन’ करा, उद्याची झाली. आणि हे सगळं होताना ‘उठून’, ‘भरून’, ‘धावत’, ‘गाठून’ जागचे हललेसुद्धा नाहीत. काळाचा भार एकट्या ‘पकडली’वर आहे, बाकीचे नुसते सोबत आलेत.

तर ‘पकडली’ म्हणजे फायनाइट आणि बाकीचे चार नॉन-फायनाइट. झालं. फायनाइट या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘मर्यादा घातलेला’ असा अर्थ आहे, म्हणजे ज्या क्रियापदाला काळाची आणि कर्त्याची मर्यादा पडलीय ते फायनाइट. आपल्याला शाळेत मराठीच्या तासाला ‘धातुसाधित’ म्हणून जे शिकवलं होतं आणि जे आपण मार्कांपुरतं पाठ करून सोडून दिलं तेच हे. गंमत अशी की मराठीच्या बाई ते दुसऱ्या तासाला शिकवायच्या आणि इंग्रजीच्या सरांचा तास पाचवा, पण दोघांनी एकमेकांचं नाव कधी घेतलं नाही.

इंग्रजी वाक्यात ओळखायचं कसं, तर तीच युक्ती. वाक्य कालवर न्या, आजवर आणा, ‘दे’च्या जागी ‘ही’ घाला, आणि बघा कुठला शब्द बदलतो. ‘दे वॉन्ट टु गो’, ‘ही वॉन्ट्स टु गो’, ‘ही वॉन्टेड टु गो’. ‘गो’ तसाच. म्हणून ‘ही वॉन्टेड टु वेंट’ हे चूक, आणि ही चूक अगदी ग्रॅज्युएट झालेली मुलंसुद्धा करतात, त्यांना वाटतं गोष्ट कालची आहे तर दोन्ही क्रियापदं कालची पाहिजेत. अहो पण मराठीत आपण ‘त्याला जायचं होतं’ म्हणतो ना, ‘होतं’ने काळ सांगून टाकला, ‘जायचं’ला परत सांगावं लागत नाही. ‘डिड नॉट वेंट’ चूक का, त्याचंही उत्तर हेच. ‘डिड’ने काळ उचललाय, आता पुढच्याने गप्प बसायचं.

आता क्लॉज की फ्रेज, हा मुख्य घोळ.

आपल्या शाळांमधून जे जुन्या पद्धतीचं इंग्रजी व्याकरण चालतं त्याचा नियम साधा आहे: जेवढी फायनाइट क्रियापदं तेवढे क्लॉज. फायनाइट नसेल तर तो तुकडा फ्रेज. ‘स्टँडिंग निअर द गेट’ ही पार्टिसिपल फ्रेज, कारण तिच्यात विशेषणासारखं वागणारं -इंगवालं रूप आहे, ‘टु लूज पेशन्स’ ही इन्फिनिटिव्ह फ्रेज, कारण तिच्यात टु आणि मूळ क्रियापद आहे. हिशोबाला सोपं, परीक्षेला सोपं. नवे व्याकरणवाले म्हणतात, थांबा, ‘डबा भरून’ हा तुकडा नीट बघा. काय भरलं? डबा. म्हणजे भरणे या क्रियेला स्वतःचं कर्म आहे. ‘सकाळी सहाला उठून’, कधी उठून? सहाला, म्हणजे त्याला स्वतःचं क्रियाविशेषण आहे. कोणी भरला? मीच, सांगितलं नाही पण कळतंय, म्हणजे कर्तासुद्धा आहे, फक्त पडद्याआड. मग कर्ता, कर्म, क्रिया, केव्हा-कुठे असं सगळं असलेल्या या तुकड्याला छोटं वाक्य का नाही म्हणायचं? एकच गोष्ट त्याच्याकडे नाही, स्वतःचा काळ. म्हणून त्याला क्लॉज म्हणा, पण नॉन-फायनाइट क्लॉज म्हणा. मला स्वतःला ही नवी बाजू पटते, कारण ‘फ्रेज’ म्हटलं की मुलं तो तुकडा नावासारखा गिळून टाकतात आणि आतला कर्ता शोधतच नाहीत, आणि खऱ्या चुका तिथेच होतात.

तो पडद्याआडचा कर्ता. याच्यावर मी एक अख्खा रविवार घालवते बॅचमधे.

एका मुलाने रजेचा अर्ज दाखवायला आणला होता, एका खाजगी कंपनीत लागला होता नुकताच. पहिली ओळ: ‘बीइंग माय सिस्टर्स वेडिंग, काइंडली ग्रँट मी लीव्ह.’ त्याच्या डोक्यात काय होतं ते स्वच्छ दिसतंय, ‘बहिणीचं लग्न असल्यामुळे मला रजा द्यावी’. मराठी वाक्य बिनचूक आहे. पण इंग्रजीत सुरुवातीला असा -इंगवाला तुकडा ठेवला आणि त्याचा कर्ता सांगितला नाही, की वाचणारा तो कर्ता पुढच्या मुख्य वाक्यातून उचलतो. इथे मुख्य वाक्य आज्ञार्थी, त्याचा कर्ता ‘यू’, म्हणजे साहेब. अर्थ झाला, साहेब, तुम्ही माझ्या बहिणीचं लग्न आहात म्हणून मला रजा द्या. मुलगा लाल झाला, अख्खी बॅच हसली, आणि मी त्याला म्हटलं की बाबा रे निदान तुझी चूक वर्षभर कोणी विसरणार नाही. ‘ॲज इट इज माय सिस्टर्स वेडिंग’ लिहायचं, किंवा कर्ता उघड सांगायचा, ‘इट बीइंग माय सिस्टर्स वेडिंग’, पण हे दुसरं जरा कडक इस्त्रीचं वाटतं, रजेच्या अर्जात पहिलंच बरं.

याला डँगलिंग पार्टिसिपल म्हणतात, लोंबकळणारा. ही चूक आपल्याकडे एवढी का होते याचं कारण मला बरीच वर्षं सापडत नव्हतं, मग एकदा लक्षात आलं की दोष ‘-ताना’चा आहे. बघा. मराठीत ‘-ऊन’ भलतं कडक आहे. ‘मी स्टेशनवर पोचून ट्रेन सुटली’ असं कोणी म्हणेल? कान लगेच खटकतो. पोचणारा मी, सुटणारी ट्रेन, ‘-ऊन’ला कर्ता एकच लागतो. पण ‘-ताना’ मोकळं आहे. ‘स्टेशनकडे चालत जाताना पाऊस सुरू झाला’, एकदम बरोबर. चालणारी मी, सुरू होणारा पाऊस, कर्ते दोन, मराठीला काही अडचण नाही. आता हेच वाक्य आपण शब्दाला शब्द लावून इंग्रजीत टाकतो, ‘वॉकिंग टु द स्टेशन, द रेन स्टार्टेड’, आणि पाऊस छत्री घेऊन स्टेशनकडे चालायला लागतो. इंग्रजीचं वाक्याच्या सुरुवातीचं -इंग आपल्या ‘-ताना’सारखा अर्थ देतं पण वागतं ‘-ऊन’सारखं. एवढं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. इलाज दोनच, एक तर पुढचा कर्ता तोच ठेवायचा, ‘वॉकिंग टु द स्टेशन, आय गॉट कॉट इन द रेन’, नाहीतर तुकडा फायनाइट करून टाकायचा, ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग टु द स्टेशन, इट स्टार्टेड टु रेन’.

आता कोणीतरी हुशार मूल हात वर करतंच की मॅडम, ‘पाऊस पडून रस्ता खचला’ यात ‘-ऊन’ आहे आणि कर्ते दोन आहेत. बरोबर आहे. आपोआप घडणाऱ्या गोष्टी असतील आणि एकीमुळे दुसरी झाली असेल तर ‘-ऊन’ दोन कर्ते चालवून घेतं, फक्त दोन्ही कर्ते उघड हवेत. इंग्रजीतसुद्धा हीच सोय आहे: ‘द लास्ट ट्रेन हॅविंग लेफ्ट, वी टुक अ टॅक्सी’. नॉन-फायनाइट क्लॉजला स्वतःचा कर्ता दिला की तो लोंबकळत नाही. याचं नाव ॲब्सोल्यूट. लिहिताना छान दिसतं, बोलताना फारसं कोणी वापरत नाही.

आणि काही -इंगवाले आहेत ज्यांनी क्रियापदाचा धंदा सोडूनच दिलाय. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘जजिंग बाय’ वगैरे. ‘कन्सिडरिंग द ट्रॅफिक, द बस वॉज ऑन टाइम’, इथे बस काही ट्रॅफिकचा विचार करत नाहीये, पण हे चालतं. आपलं ‘मला सोडून सगळे पिकनिकला गेले’ आठवा. ‘सोडून’ हे मुळात धातुसाधित, पण इथे कोणी कोणाला सोडत नाही, ते नुसतं ‘शिवाय’सारखं झालंय. तसंच.

पडद्याआडचा कर्ता टु-वाल्यांमधेही असतो आणि तिथे तो जास्त लबाड आहे. ‘बंटी इज रेडी टु ईट’ आणि ‘द सुरमई इज रेडी टु ईट’. शब्दाला शब्द सारखी वाक्यं. पहिल्यात बंटी खाणार, दुसऱ्यात सुरमई बिचारी खाल्ली जाणार, खाणारे आपण. तसंच ‘शी टोल्ड हिम टु कम’ मधे येणार तो, आणि ‘शी प्रॉमिस्ड हिम टु कम’ मधे येणार ती. वाक्यात कुठे लिहिलेलं नाही, क्रियापदाच्या स्वभावात आहे. ‘टेल’, ‘आस्क’, ‘फोर्स’, ‘अलाव’ ही क्रियापदं काम समोरच्यावर ढकलतात, ‘प्रॉमिस’ स्वतःकडे ठेवतं. कॉम्प्रिहेन्शनच्या प्रश्नांत ‘हू विल कम’ असं विचारून इथेच मार्क कापतात. तिसरंच कोणी असेल तर ‘फॉर’ लावून उघड सांगायचं: ‘इट इज डिफिकल्ट फॉर माय मदर टु क्लाइम्ब द ब्रिज’. ‘फॉर’ काढला तर कोणालाही पूल चढणं कठीण असा अर्थ होतो, आणि दादरच्या पुलाबाबत तेही खरं आहे म्हणा.

आता ‘-ायला’. मराठी माणसाच्या इंग्रजीला या एका प्रत्ययाने जेवढं छळलंय तेवढं कशाने नाही. मी फळ्यावर ‘पोहायला’ हा एक शब्द लिहिते आणि मुलांना म्हणते करा इंग्रजी. पोहायला शिकले: ‘लर्न्ट टु स्विम’. पोहायला मजा येते: ‘एन्जॉय स्विमिंग’. सरांनी पोहायला लावलं: ‘मेड मी स्विम’. पोहायला गेलो: ‘वेंट स्विमिंग’ किंवा ‘वेंट टु स्विम’. पोहायला आवडतं: ‘लाइक टु स्विम’, ‘लाइक स्विमिंग’, दोन्ही चालतं. आपल्याकडे एकच ‘पोहायला’ आणि तिकडे कधी टु, कधी -इंग, कधी नुसतंच ‘स्विम’. आपलं डोकं ‘-ायला’ ऐकलं की झटकन टु लावतं, म्हणून ‘आय एन्जॉय टु प्ले’, ‘ही मेड मी टु वेट’.

कुठल्या क्रियापदापुढे काय येतं याला काही प्रमाणात लॉजिक आहे पण सगळं लॉजिक नाही, उगाच तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ढोबळ मानाने जे अजून व्हायचंय त्याला टु: ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’, ‘अग्री’. जे चालू आहे, होऊन गेलंय किंवा नुसतं कल्पनेत आहे त्याला -इंग: ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’, ‘मिस’, ‘डिनाय’, ‘कीप’. आणि ‘सजेस्ट’, याला अपवाद म्हणून वेगळं पाठच करा, कारण सजेस्ट केलेली गोष्ट व्हायची असते तरी ‘ही सजेस्टेड टु टेक अ कॅब’ चूक, ‘ही सजेस्टेड टेकिंग अ कॅब’ बरोबर.

‘मेक’ आणि ‘लेट’ नंतर टु येत नाही हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण ‘मेक’ पॅसिव्ह झालं की टु परत येतो हे माहीत नसतं. ‘दे मेड अस वेट’, पण ‘वी वेअर मेड टु वेट’. ‘सी’ आणि ‘हिअर’चंही तेच: ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’, ‘ही वॉज सीन टु क्रॉस द रोड’. आणि ‘क्रॉस’ऐवजी ‘क्रॉसिंग’ म्हटलं तर? ‘आय सॉ हिम क्रॉस’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला पाहिला, ‘क्रॉसिंग’ म्हणजे मधेच नजर गेली तेव्हा तो ओलांडत होता. आपल्याकडे ‘त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं’ या एकाच वाक्यात दोन्ही येतं, म्हणून हा फरक मराठीवरून सापडत नाही, सवयीनेच येतो.

पण जिथे मराठी मदत करते तिथे ती काय सुंदर करते बघा. ‘स्टॉप टु ड्रिंक टी’ आणि ‘स्टॉप ड्रिंकिंग टी’ यावर इंग्रजीत पानंच्या पानं लिहितात. आपल्याला काय, ‘चहा प्यायला थांबलो’ आणि ‘चहा पिणं थांबवलं’. सरळ आहे. ‘रिमेंबर टु टर्न ऑफ द गॅस’, गॅस बंद करायचं लक्षात ठेव. ‘आय रिमेंबर टर्निंग ऑफ द गॅस’, गॅस बंद केल्याचं आठवतंय. घराबाहेर पडल्यावर डोक्यात दुसरं वाक्य घोळत असतं आणि विरारला उतरेपर्यंत त्याची खात्री नसते, ते सोडा.

यातला एक टु मात्र खोटा असतो. ऑफिसातून मेल करता ना तुम्ही? मग ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ नक्की लिहिलं असेल, मी पाहिलेल्या दहातल्या निम्म्या मेलमधे असतं. इथला टु इन्फिनिटिव्हचा नाही, तो साधा प्रिपोझिशन आहे, ‘कडे’ या अर्थाचा, म्हणून पुढे नाम किंवा -इंग पाहिजे: ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’. ओळखायचं असं, टु नंतर ‘इट’, म्हणजे ‘ते’ या अर्थाचं, खाण्याचं नव्हे, ठेवून बघायचं. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु इट’, बसलं, म्हणजे प्रिपोझिशन, -इंग लावा. ‘आय वॉन्ट टु इट’, नाही बसलं, म्हणजे इन्फिनिटिव्ह. ‘यूज्ड टु’ची जोडी याच परीक्षेने सुटते. ‘आय ॲम यूज्ड टु स्टँडिंग इन द ट्रेन’ म्हणजे उभं राहायची सवय आहे, ‘यूज्ड टु इट’ चालतं. ‘आय यूज्ड टु स्टँड’ म्हणजे पूर्वी राहायचे, आता नाही, आणि तिथे ‘इट’ बसत नाही.

जेरंड म्हणजे नामासारखं वागणारं -इंग आणि प्रेझेंट पार्टिसिपल म्हणजे विशेषणासारखं वागणारं, दिसायला जुळे. ‘स्विमिंग पूल’ आणि ‘स्विमिंग चाइल्ड’. मराठीत करा: पोहण्याचा तलाव, पोहणारं मूल. ‘-ण्याचा’ आलं की जेरंड, ‘-णारा’ आलं की पार्टिसिपल. तलाव काही पोहत नाही. ‘वेटिंग रूम’, ‘वेटिंग पॅसेंजर’, ‘स्लीपिंग बॅग’, ‘स्लीपिंग बेबी’, लावून बघा, फसत नाही. स्टेशनवर ‘रूळ ओलांडणे’ हा गुन्हा असल्याची पाटी रोज बघता, तो ‘-णे’ म्हणजेच वाक्याच्या कर्त्याच्या खुर्चीत बसलेला जेरंड. इंग्रजीत ‘क्रॉसिंग द ट्रॅक्स इज ॲन ऑफेन्स’. इथे ‘ट्रॅक्स’ अनेकवचनी बघून ‘आर’ लिहायचा मोह होतो. रूळ गुन्हा नाहीत, ओलांडणं गुन्हा आहे, आणि ओलांडणं एक आहे, म्हणून ‘इज’. एरर स्पॉटिंगमधे हा प्रकार आवडीने विचारतात. बाय द वे, हडलस्टन आणि पुलम यांचं केंब्रिजचं मोठं व्याकरण २००२ साली आलं त्यात हे दोन्ही एकाच नावाखाली टाकलेत, जेरंड-पार्टिसिपल, त्यांचं म्हणणं रूप एकच आहे तर खाती दोन कशाला. विचार म्हणून मला पटतं, पण तुमच्या परीक्षेला दोन खाती लागतात, तेव्हा ‘-ण्याचा’ आणि ‘-णारा’ धरून चला.

पास्ट पार्टिसिपलची, म्हणजे ‘टेकन’, ‘सीन’ अशा तिसऱ्या रूपाची, भानगड वेगळी. मराठीत ‘सापडलं’ आणि ‘सापडलेलं’ यात एका ‘-लेलं’चा फरक आहे आणि तो ऐकू येतो. ‘ट्रेनमधे सापडलेलं पाकीट पोलिसांकडे दिलं.’ इंग्रजीत दोन्हीला ‘फाउंड’. ‘द वॉलेट फाउंड इन द ट्रेन वॉज हँडेड टु द पोलीस.’ घाईत वाचलं तर वाटतं पाकिटालाच काहीतरी सापडलं. अशा वेळी त्या जागी असं क्रियापद ठेवून बघायचं ज्याची दोन रूपं वेगळी आहेत, ‘टुक’ आणि ‘टेकन’ किंवा ‘सॉ’ आणि ‘सीन’. ‘द वॉलेट टेकन’ बसतं, ‘द वॉलेट टुक’ बसत नाही, म्हणजे हा ‘फाउंड’ नॉन-फायनाइट, ‘-लेलं’वाला, आणि खरं क्रियापद पुढे कुठेतरी आहे, शोधा. इंग्रजी पेपरच्या हेडलाइन तर यावरच चालतात, जागा वाचवायला फायनाइट गाळून टाकतात. ‘टू हेल्ड फॉर चेन स्नॅचिंग’ म्हणजे दोघांना पकडलं, दोघांनी काही धरलेलं नाही. आणि ‘रेल्वे टु रन स्पेशल ट्रेन्स फॉर गणपती’ यातला टु म्हणजे भविष्यकाळ, चालवणार आहे. रोज लोकलमधे पाच हेडलाइन घ्या आणि गाळलेलं फायनाइट परत घालून पूर्ण वाक्य करा, कुठल्याही वर्कबुकपेक्षा जास्त फायदा होतो, फुकटात.

टु आणि क्रियापदाच्या मधे शब्द घालू नये असं काही जण फार ठासून सांगतात, ‘टु फुली अंडरस्टँड’ चूक वगैरे. सोडून द्या. चांगले लिहिणारे घालतात.

आता तुमचं वाक्य. ‘कँडिडेट्स’ऐवजी एकच ‘कँडिडेट’ करा आणि काळ आजचा करा: ‘द कँडिडेट स्टँडिंग निअर द गेट बिगिन्स टु लूज पेशन्स’. हलला कोण, फक्त ‘बिगॅन’. तो एकटा फायनाइट, म्हणून नोट्सच्या हिशोबाने क्लॉज एक, सिम्पल सेंटेन्स, बरोबर. राहिलेले चार मोजा: ‘हॅविंग बीन टोल्ड’, ‘टु वेट आउटसाइड’, ‘स्टँडिंग निअर द गेट’, ‘टु लूज पेशन्स’. हे चार नॉन-फायनाइट आणि एक मुख्य, दुसऱ्या पुस्तकाचे पाच, तेही बरोबर. परीक्षेत ‘सिम्पल, कंपाउंड की कॉम्प्लेक्स’ असं विचारलं तर नोट्सवाला हिशोब, ‘नॉन-फायनाइट क्लॉज ओळखा’ विचारलं तर दुसरा.

आणि प्रत्येक तुकड्याला विचारा, करणारा कोण. उभे कोण? कँडिडेट्स, ‘हू वेअर’ घालून बघा, ‘द कँडिडेट्स हू वेअर स्टँडिंग’, म्हणजे हा ‘-णारा’वाला, उभी असणारी मुलं. धीर सुटतोय कोणाचा? त्यांचाच. बाहेर थांबायचं कोणी? त्यांनीच, कारण ‘टेल’ काम समोरच्यावर ढकलतं. सांगितलं गेलं कोणाला? त्यांनाच, म्हणजे सुरुवातीचा ‘हॅविंग’ लोंबकळत नाहीये, पुढचा कर्ता बरोबर तोच आहे, आणि ‘हॅविंग बीन’मुळे कळतं की सांगणं आधी झालं, वैतागणं नंतर. फक्त बाहेर थांबायला सांगितलं कोणी, हे वाक्यात कुठेही शोधून सापडणार नाही. पॅसिव्हच्या आडून तो साहेब सटकला.